डोकी वाजवणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हंजे माझी नणंद, कुठलंबी पोर दिसलं की बोट दुमडून त्याच्या डोक्यावर टकटक वाजवायच्या. बाजारात कलिंगड वाजवून घेतात ना, तशा. मग कान देऊन बोलायच्या, "हाय जरा माल," न्हायतर, "ह्ये कच्चंच हाय." स्वताचं डोकं कधी वाजवलं न्हाय. वाजवलं असतं तर कळलं असतं.

माझा नवरा गेला तवा त्यांनीच मला कोन गावाला आपल्या घरात आणलं. ते उपकार मी मानते. कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरून मी माझं पोट भरलं, कुणापुढं रडली न्हाय. पण वन्संच्या शहाणपणाला मी कधी हात जोडले न्हायत.

त्यांची नात सई. नाचरी पोर. हळदीला ढोल वाजला की पहिली तीच उभी. पण शेजारच्या पोरीचा पहिला नंबर आला, आन् वन्संच्या पोटात दुखलं. आधी बदाम, मग ब्राह्मीचा काढा, मग त्या पोरीच्या आईनंच सांगितलेल्या गोळ्या. मेडिकलमधून ओळखीनं आणल्या. डाक्टर न्हाय, चिठ्ठी न्हाय.

"लक्ष लागतं वयनी, लक्ष!"

लागलं की! पोर पुस्तकापुढं बसली की मान वर न्हाय. भाकर ताटात तशीच. रात सगळी डोळे टक्क. वन्संच्या पुतण्याच्या हळदीत ढोल वाजला, तर कान दाबून बोलली, "बंद करा ना."

वन्सं फुगल्या. "बघा, पोर कशी शहाणी झाली!"

"शहाणी न्हाय वन्सं, विझली."

मग माझ्याशी बोलणंच बंद.

एक दिवस पोर शाळेतच पडली. छाती नुसती धडधडत व्हती. सरकारी दवाखान्यातल्या डाक्टरणीनं गोळ्या बघून विचारलं, "हिला आजार काय होता?"

वन्सं बोलल्या, "आजार कशाला व्हईल? शेजारची पोर घेते ना!"

डाक्टरणीनं सांगितलं, ह्या गोळ्यांनीच पोर पडली, आजपासून बंद. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसली असती. पोर समोर निजली व्हती.

घरी आल्यावर वन्संनी गोळ्या खाडीत टाकल्या. चुकलं म्हणून बोलल्या न्हायत. बोलल्या, "गोळीच खोटी निघाली." अशी बाई!

यंदा त्या गेल्या. शेवटाला सई उशाशी बसली, डोकं पुढं करून बोलली, "आजी, वाजव ना. बघ, हाय का काय आत." वन्संनी बोट दुमडलं. थांबल्या. मग हात उघडून नुसता ठेवला तिच्या डोक्यावर, आन् तसाच ठेवला.

सई आता वर्गात मधी कुठंतरी हाय. ढोल वाजला की मातर पहिली.