सरपंच आल्यात

आम्ही ज्यांना शिकारी म्हणायचो, त्यांनी आमच्या देखत कधी डाससुद्धा मारला नाही. डास हातावर बसला की ते त्याच्याकडे बघत राहायचे, त्याचं पोट भरू द्यायचे आणि मग हळूच फुंकर मारून म्हणायचे, "जावा आता." इथे आखातात, मेसईदच्या एका कारखान्यात ते क्रेन चालवत. उंचावरच्या त्या काचेच्या डब्यात दिवसभर एकट्याने बसायची सवय, त्यामुळे त्यांच्याइतकं न हलता बसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी वेस्ट बेच्या एका टॉवरमध्ये खुर्चीवर बसण्याचाच पगार घेतो, पण मला दहा मिनिटं धड बसता येत नाही. कधी चहा, कधी फोन, कधी उगाच खिडकी. अशा माणसाला त्यांनी शिकारीला का नेलं, हे मला अजून कळलेलं नाही.

ते राधानगरीकडचे. "आमच्या रक्तातच शिकार हाय, पाव्हणं," हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मराठी मंडळींच्या एका सहलीत ते रश्श्याच्या पातेल्यापाशी उभे होते आणि मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली होती. पुढे ओळख वाढल्यावर समजलं की त्यांचे आजोबा संस्थानच्या शिकारीत रान उठवायला जायचे. म्हणजे पत्र्याचे डबे बडवायचे आणि बोंब ठोकायची. घराण्याचा शिकारीशी आलेला संबंध एवढाच.

पहिलं बोलावणं फोनवर आलं. मला ऐकू आलं ते असं: "ठीक, रमी हाय शुक्रवारी मजऱ्यावर. वैनीस्नी आन लेकीला घिऊन या." मजरा म्हणजे इथलं शेत, हे मला ठाऊक होतं. मोकळ्या हवेत रमी, ही कल्पना मला फारच आवडली. मी पत्त्यांचे दोन नवे जोड घेतले, बायकोला, म्हणजे शलाकाला, चिवडा करायला लावला आणि आदल्या संध्याकाळी पिसायचा सराव केला. मजऱ्यावर पोचल्याबरोबर चटई पसरली, बाह्या दुमडल्या आणि पत्ते काढले. शेताची राखण करणारा सुदानी इद्रिस ते बघून पोट धरून हसायला लागला. "रमी नहीं भाई, दीक रूमी! बड़ा मुर्गा!" टर्कीला अरबीत दीक रूमी म्हणतात. आम्ही टर्की धरायला आलो होतो आणि मी एक्का, दुर्री, तिर्री लावून बसलो होतो. शलाकाने दुसरीकडे तोंड फिरवलं. शिकारी मात्र शांतपणे मांडी घालून समोर बसले. म्हणाले, "बरं केलासा. त्यो येस्तवर बसून काय करायचं? फकस्त पान आपटायचं न्हाई." त्यांच्यावर माझा जीव जडला तो त्या क्षणी.

ही टर्की म्हणजे इद्रिसच्या खुराड्यातून निसटलेला एक मोठा नर होता. निसटला तो परत आलाच नाही. शेताच्या टोकाला बोरीची झाडं होती, तिथे राहायचा आणि लसूणघासात चरायचा. मालकाची पाण्याची टाकी शिकारींनी एकदा क्रेनवर बसून नीट जागेवर चढवून दिली होती. तेव्हापासून फाटक आम्हाला उघडं होतं, आणि तो पक्षी धरलात तर तुमचा, असंही मालकाने सांगून टाकलं होतं. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, हवा गोड असते त्या दिवसांत, हा नर रंगात यायचा. शेपटीचा पंखा फुलवायचा, पंख जमिनीवर घासत चालायचा, चोचीवरची लाल सोंड लोंबती ठेवून चौफेर नजर टाकायचा आणि कामाचं काही करायचा नाही. शिकारींनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं.

"बाबा, व्हाय इज ही अ सरपंच?" आमच्या ईराने विचारलं. ती इथल्या शाळेत शिकते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी ग्रामपंचायत समजावून सांगायला लागलो तेव्हा शिकारींनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांचे नियम कडक होते. पांढरे कपडे नकोत, अत्तर नको, बोलणं नको. "हलायचं न्हाई" हे तर दर पाच मिनिटांनी, आणि बहुधा माझ्याकडे बघून. सगळ्यात मोठा नियम म्हणजे सरपंचांना अरे-तुरे करायचं नाही. "ज्याला धरायचं त्याचा मान राखायचा," असं ते म्हणत. झाडीत जरा खसफस झाली की त्यांचा चेहरा उजळायचा आणि ते कुजबुजायचे, "सरपंच आल्यात." मग घशातून मादीचा आवाज काढायचे, नाजूक, लाजरा. एवढ्या दणकट माणसाच्या गळ्यातून तो आवाज निघाला की मला हसू आवरायचं नाही. आमच्याकडे बंदूक नव्हती. एक मासे धरायचं जाळं होतं, आणि त्याच्या भोकांतून माझाच पाय दोनदा निघाला होता.

पहिल्याच वर्षी मी ऐन वेळी शिंकलो. माझी शिंक साधी नाही. ती लागली की ऑफिसात लोक मीटिंग थांबवतात. शिकारींनी डोळे मिटून घेतले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. आणि तेवढ्यात बोरींच्या आडून आवाज आला, "गडगडगडगड!" सरपंचांनी उत्तर दिलं होतं. मी पुन्हा शिंकलो. पुन्हा उत्तर. शिकारींनी डोळे उघडून माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. म्हणाले, "पाव्हणं, तुमची शिंक त्यास्नी मानसाची वाटंना झालीया." सरपंच कुठे आहेत हे शोधण्याचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या अंगच्या गुणाला साजेसं काम मला मिळालं ते हे एवढंच.

पुढे तो आमचा दर वर्षीचा सण झाला. आणखी दोन-तीन घरं येऊ लागली. सरपंच दर वर्षी निसटायचे आणि आम्ही येताना दुकानातून आणलेली कोंबडी शिजवायचो. ती आणायची कशाला, असं कधी कुणी विचारलं नाही. तांबडा रस्सा शिकारी करायचे आणि पहिली वाटी बोरींच्या बाजूला, सरपंचांच्या नावाने ठेवायचे. कोंबडीचाच रस्सा, म्हणून मला ते जरा विचित्र वाटायचं. पण बोलायची सोय नव्हती.

जेवण झालं की ते खजुराच्या झाडाखाली जाऊन गावी फोन लावायचे. त्यांची बायको, मालनवहिनी, तिकडे शेत आणि सासू सांभाळून होत्या. सुट्टी दोन वर्षांतून एकदा. फोनवर ते जे सांगत ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिवडा माझ्या घशात अडकला. "लई मोठ्ठा हुता, मालन. पळत जाऊन मानंलाच धरला. पाव्हणं तर भिऊन गाडीत जाऊन बसलं." दर वर्षी एक शिकार, आणि दर वर्षी मी गाडीत. पुरावा म्हणून एक फोटोही पाठवला होता. इद्रिसच्या खुराड्यातली एक गरीब टर्की काखेत धरून ते उभे आहेत आणि भुवया चढवल्या आहेत. तो फोटो मीच काढला होता. भुवया चढवायलाही मीच सांगितल्या होत्या.

मग बायकोला थोड्या दिवसांसाठी इथे आणता येईल असं त्यांना कळलं. वहिनींचा व्हिसा आला. नेमका वसंतात. राहायला आमच्याकडे, अल दुहैलला. शिकारी आनंदाने नाचतील असं मला वाटलं, तर ते आमच्या सोफ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. "पाव्हणं, अवंदा धरायलाच पायजे," ते म्हणाले. "सगळ्या गावात सांगून ठेवलंय तिनं. हितं येऊन बघंल तर काय बघंल? तिला तोंड कसं दावू?" त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी त्यांना शब्द दिला की या खेपेला मी हलणार नाही.

वहिनी आल्या. इरकली लुगडं आणि नवऱ्याने घेतलेले पांढरे बूट. येताना त्यांनी तपकिरीची डबी आणली होती, सासूची, माझ्यासाठी. माझी कीर्ती तिथवर पोचली होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही घासाच्या गठ्ठ्यांआड बसलो. शिकारींनी जाळं हातावर घेतलं आणि मादीचा आवाज काढला. उत्तर नाही. पुन्हा काढला. नाही. मग ते माझ्याकडे वळले. "पाव्हणं, शिंका."

शिंक येईना. आयुष्यभर नको तिथे आलेली शिंक, ऐन गरजेला येईना. मी तपकीर ओढली, उन्हाकडे बघितलं, शलाकाने डब्यातली मिरपूड नाकाशी धरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण शिंक नाही. शिकारींचा घाम कपाळावरून खाली उतरत होता. एवढ्यात ईराने कुतूहलाने ती डबी उघडून हुंगली आणि अशी शिंकली की घासाच्या काड्या उडाल्या. शिंक जशीच्या तशी माझी होती. बोरींच्या आडून लगेच उत्तर आलं, "गडगडगडगड!" आपल्या मागे आपलं काहीतरी उरणार, याचा अभिमान मला तेव्हा पहिल्यांदा वाटला.

सरपंच आले. पंखा फुलवून, पंख घासत, निळं डोकं आणि लाल सोंड उन्हात चमकवत आले, ते थेट वहिनींच्या पुढ्यात. इतके जवळ की शिकारींनी नुसता हात सोडला असता तरी जाळं पडलं असतं. मी श्वास रोखून बसलो होतो. शिकारींनी हात सोडला नाही. सरपंचांनी वहिनींसमोर सावकाश एक फेरी मारली, पुढून दाखवलं, मागून दाखवलं. "टाका!" मी कुजबुजलो. शलाकाने मला चिमटा काढला. सरपंच आले तसे निघून गेले. शिकारी जाळ्याकडे बघत बसले.

"सोडलासा व्हय?" वहिनींनी विचारलं.

"हात सुटलाच न्हाई, मालन." मग त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. "आजवर एक बी धरल्यालं न्हाई म्या. फोटूतलं ते खुराड्यातलं हुतं."

वहिनी लुगड्यावरच्या काड्या झटकत होत्या. "मला काय ठावं न्हाई व्हय? जत्रंला कोंबडं कापायचं म्हटलं की परड्यात जाऊन बसणारं मानूस तुमी. आमचा बा कापायचा."

माझ्याने राहवलं नाही. "मग वहिनी, इतकी वर्षं फोनवर ऐकून घेत होतात?"

"दुसरं काय सांगत्यात वो? ऊन सांगितलं असतं, न्हाईतर कंपनी. त्ये सांगताना आवाज पडतोय त्यांचा. शिकारीचं सांगताना हसत हुतं. तेवढं हसू ऐकाय मिळायचं. वाघ मारला म्हटलं असतं तरी मी व्हय म्हटलं असतं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "त्यो पंखा परत येकदा फुलवत्याल का सरपंच? लई ग्वाड दिसतंय."

शिकारींनी बाहीने तोंड पुसलं. "पाव्हणं, शिंका," ते म्हणाले. या वेळी मला शिंक आली. नाक तसंही आधीपासून वाहत होतं.

त्याच उन्हाळ्यात त्यांचं कंत्राट संपलं आणि ते कायमचे गावी गेले. विमानतळावर सोडायला गेलो, तर मला निघवेना. कधी सामानाच्या गाडीला हात लाव, कधी पाण्याची बाटली आण, असं माझं चाललं होतं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, माझ्या हातावर हळूच फुंकर मारली आणि म्हणाले, "जावा आता." गाडीत येऊन मी बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे शेवटी मी खरोखरच गाडीत जाऊन बसलो.

पुढच्या वसंतात सरपंच दिसले नाहीत. इद्रिसने हात झटकून "खलास" म्हटलं. आधी कोल्ह्याने नेला म्हणाला, मग शेजारच्या शेतात गेला म्हणाला. आणि शुक्रवारी शिकारींचा फोन आला, "सरपंच काय म्हणत्यात?" मी म्हणालो, "मजेत आहेत." एकदा म्हटल्यावर मागे फिरणं जमेना. दर शुक्रवारी मी सरपंचांचं काहीतरी नवं सांगू लागलो. आज इद्रिसच्या मागे लागले, आज मालकाच्या गाडीच्या टपावर चढले. मला ते बरं जमायला लागलं.

परवा आम्ही मजऱ्यावर, त्याच गठ्ठ्यांपाशी होतो तेव्हा फोन आला. सरपंचांचं सगळं सांगून झाल्यावर शिकारी म्हणाले, "पाव्हणं, स्पीकर लावा आन शिंका. लई दीस झालं त्यांचा आवाज ऐकून."

सर्दी नाही म्हणालो, तपकीर संपली म्हणालो. तपकीर ईराच्या हातात होती. मी तिला अडवेपर्यंत ती शिंकली. आमच्या घराण्याची पुरी शिंक. बोरींची झाडं गप्प राहिली. मी मान खाली घातली.

आणि फोनमधून आवाज आला, "गडगडगडगड!"

"बाजारातनं पिल्लू आनलं हुतं मालननं," शिकारी म्हणाले. "आता दांडगं झालंय. इद्रिसनं मला मागंच सांगितलं वो, पाव्हणं, सरपंच न्हाईत म्हणून."

"मग इतके दिवस ऐकून घेत होतात?"

"लई झ्याक सांगत हुतासा."

मला खूप बोलायचं होतं. माफी मागायची होती, त्या दांडग्याचं वय, वजन, रंग विचारायचा होता. मी तोंड उघडलं, तर ईराने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. फोनकडे कान लावून ती कुजबुजली, "बाबा, हलायचं न्हाई. सरपंच आल्यात."