गोरखला रंग सांगणारी

माझी पिठाची गिरनी हाय. गिरनीच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज असा झालाय, की मी साधं "या, बसा" म्हनलं तरी लोकांना वाटतं लंकाबाई भांडायला उठली. उठते बी कधीकधी. तर सांगायचं ते शेजारच्या गोरक्षनाथचं. नगरात कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत माझ्या गिरनीला खेटून त्याचं पिको-फॉलचं दुकान हुतं. आता ते बंद झालं, म्हनून सांगायला हरकत न्हाई. मानूस गरीब स्वभावाचा, हातात सफाई. पन एक खोड लई वाईट. सकाळी दुकान उघडायच्या आधी मोबाईल घेऊन बाजारभर हिंडायचा आन् नको त्याचे फोटो काढायचा.

मानसांचे न्हाई, देवळाचे न्हाई, किल्ल्याचे न्हाई. शटरवरचा रंगाचा पोपडा, रिक्षाच्या आरशाला बांधलेला गोंडा, तारेला अडकलेली पतंगाची चिंधी, गोळेवाल्याच्या गाडीवरची सरबताची बाटली. येवढं येवढंसं, आन् ते बी नाक लावल्यासारखं जवळून. एकदा माझ्याच उंबऱ्यात बसून फुटक्या बांगडीचा फोटो काढत हुता. म्हनलं, "गोरखा, त्यापरीस झाडून टाकलं असतं तर पुन्य लागलं असतं." नुसता हसला.

दुपारी त्याची बायको पुष्पावती डबा घेऊन यायची. मंग दोघं डोक्याला डोकं लावून मोबाईलमधी बघत बसायची. ती हळू आवाजात काय काय सांगायची, ह्यो ऐकायचा. माझा कान तिखट. "ह्यो लिंबाच्या फोडीसारखा, दात आंबतील असा." "ह्यो तापानं फनफनलेल्या कपाळासारखा." मला वाटायचं, पन्नाशी आली तरी ह्यांचे चाळे जात न्हाईत. रिळं बी तीच जुळवायची. कोनत्या साडीला कोनतं रीळ ते तिनं काढून द्यायचं, ह्यानं मशीन मारायची. ती नसली की गिऱ्हाईक परत. "पुष्पा आल्यावर या," म्हनायचा. अख्खी गल्ली त्याला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हनायची, आन् सगळ्यात मोठ्यानं मी.

पुष्पा गेली ती मागच्या माघात. पहाटे छातीत कळ आली, रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचली तवर संपलं हुतं. आदल्या दिवशी माझ्याकडनं बाजरी दळून नेलेली बाई. मला अजून तिचा राग येतो. असं न सांगता जायचं असतं का?

घरी आनलं. सवाशीन बाई, हिरव्या साडीत पाठवायची. माहेरची साडी घेऊन तिचा भाऊ कोपरगावहून निघाला हुता, पन आंघोळ घातल्यावर नेसवायला घरातली एक पायजे हुती. गोरखची थोरली बहीन मनकर्णा कपाटाकडं निघाली, तर ह्यानं तिला अडवलं. "तिची साडी मी काढनार. कुनी हात लावू नका." येवढ्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी पयल्यांदा ऐकला.

आत गेला तो लवकर येईना. आला ते तपकिरी साडी घेऊन. मनकर्णा म्हनाली, "आरं, हिरवी म्हनलं ना." परत गेला. ह्या खेपेला विटकरी. बायका एकमेकींकडं बघाय लागल्या. मनकर्णाचा पारा चढला. "काखेत कळसा आन् गावाला वळसा. घरात हिरवी साडी सापडंना तुला? बायको काय रोज मरती का?" तो तिसऱ्यांदा आत गेला. धक्क्यानं डोक्यावर परिनाम झाला, असं बाहेर कुजबुज सुरू झाली.

मी मागनं गेले आन् दार लोटून घेतलं. पलंगावर साड्यांचा ढीग, गोरख खाली बसलेला. मोबाईलमधी एका दाराच्या उडालेल्या रंगाचा फोटो हुता. तो एका साडीपाशी धरायचा, मंग दुसरीपाशी.

"आक्का, ह्यो फोटो हिरवा हाय. पुष्पानं सांगितलेलं. पन मला ह्या समद्या तसल्याच दिसत्यात."

"म्हंजी?"

"मला हिरवा आन् तांबडा येगळा दिसत न्हाई. जलमापासून. लगीन झाल्यावर तिला कळलं, तिनं कुनाला कळू दिलं न्हाई. शिलाईवाल्याला रंग दिसत न्हाई म्हनल्यावर गिऱ्हाईक फिरकलं असतं का? जे मला दिसायचं न्हाई ते मी फोटोत धरून न्यायचो, ती सांगायची. आज तिला एक साडी माझ्या हातानं द्यायची हुती. तेवढं बी जमंना."

मी बी त्याच्यापाशी खाली बसले. मंग ढिगातली हिरवी ओढून त्याच्या मांडीवर ठेवली. "ही घे. ही हिरवी."

त्यानं साडीवरनं हात फिरवला. "कशी हाय?"

"हिरवी हाय बाबा."

"तसं न्हाई आक्का. कशी हिरवी? तिला कशात पाठवतोय ते तरी कळू द्या मला."

माझ्या तोंडी गल्लीत कुनी लागत न्हाई. पन पुष्पासारखं सांगायला गेले आन् एक शब्द फुटंना, रडूच फुटलं. तो साडी घेऊन उठला. बाहेर जाऊन म्हनला, "सापडत नव्हती." मी बी गप बसले.

तिला ती नेसवली. चुडा भरला, हळदीकुंकू झालं, भाऊ आल्यावर माहेरची साडी वरनं पांघरली. उचलायच्या आधी घरच्यांनी शेवटचं बघून घ्या म्हनले. गोरख पुढं झाला. वरच्या साडीखालनं त्यानं दिलेल्या साडीचा पदर तिच्या हातापाशी जरासा दिसत हुता. त्यानं खिशातनं मोबाईल काढला आन् तेवढ्याच पदराचा फोटो काढला, पार जवळून. मनकर्णा "आरं देवा" म्हनली, कुनीतरी त्याचा दंड धरला. त्यानं फोटो नीट आलाय का बघितलं, मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला, कान तिच्याजवळ नेला आन् वाट बघत राहिला.