फटफटीचं मागचं चाक

सेलूच्या कापसाच्या जिनात मी फिटर होतो तेव्हा अमीनसाहेबांच्या फटफटीचं मागचं चाक तीनदा निकामी झालं. त्या चाकापायी एका माणसाचा उजवा हात गेला, आणि तो माझ्यामुळे गेला.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. अमीन म्हणजे पोलीस ठाण्याचा मुख्य. आमचे अमीनसाहेब फटफटीवरून आले की बाजार दोन्ही बाजूंना सरकायचा. बैलगाडी बाजूला घ्यायला उशीर झाला म्हणून एका गाडीवानाला त्यांनी बैलाच्याच कासऱ्यानं बडवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. गावात लेथ फक्त जिनात, म्हणून फटफटी बिघडली की आमच्याकडे यायची.

जिनाच्या फाटकाला लागून एका लोहाराची भट्टी होती. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. कानस कशी धरायची इथपासून सगळं मी त्यांच्याकडे शिकलो. घरात उर्दू, पण माझ्याशी मराठीच बोलायचे. ठोकाठोकीचं काम त्यांचं, मापाचं माझं.

पहिल्यांदा फटफटी मानवतच्या रस्त्यावरून बैलगाडीत घालून आणली. मागचं चाक अडकलं होतं. चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या पोकळ भागात, दोन बाजूंना दोन बेअरिंगं आणि दोहोंच्या मधे, आसावर, एक लोखंडी नळी. बेअरिंगांचा भुगा झाला होता. नळीचं एक टोकही खराब झालं होतं. ते मी कानशीनं घासून साफ केलं. तांदळाच्या दाण्याएवढी ती आखूड झाली असेल. मला वाटलं, नळीचं काम काय, मधली जागा भरायचं. हैदराबादहून रेल्वेनं नवीन बेअरिंगं आली. चाचांनी ती लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू तुंब्यात बसवली. मी आस घातला, नट आवळला. चाक फिरलं.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा अडकलं, आणि या वेळी अमीन रस्त्यावर आपटले. कोपराचं सालटं निघालेलं, पायजमा फाटलेला, असे ते दोन जवानांना घेऊन फाटकात आले.

"किसने बिठाया ये?"

मी तिथंच होतो. हातात पाना होता.

"मैंने बिठाया, सरकार," चाचा म्हणाले. बेअरिंग त्यांनीच बसवलं होतं, खोटं काही नव्हतं.

अमीननं कमरेचा पट्टा काढला. पितळी बक्कल असलेलं टोक मोकळं ठेवून त्यांनी चाचांना भट्टीसमोर मारलं. पहिला वार पाठीवर बसला, दुसरा मानेवर. चाचा गुडघ्यावर आले तरी अमीन थांबले नाहीत. भट्टीतला निखारा पायाला लागून चाचांच्या लुंगीनं पेट घेतला, ती एका जवानानं बुटानं विझवली आणि तो हसला. जिनातले तीस-चाळीस जण दारात उभे होते. कोणी पुढं झालं नाही. मीही नाही.

दुपारी चाक मी एकट्यानं उघडलं. नळी आसावर सैल वाजत होती. मी नट आवळला की दोन्ही बेअरिंगं आत दाबली जात होती, कारण त्यांना मधे रोखायला पुरेशी नळीच नव्हती. हे पुरतं समजलं असं म्हणत नाही, पण चूक माझ्या कानशीची, एवढं कळलं. चाचांना सांगितलं असतं तर त्यांनी ती नळी हातात घेऊन मला विचारलं असतं, कोणी घासली? म्हणून मी डब्याच्या पत्र्याच्या दोन चकत्या कापल्या, नळीच्या टोकाला बसवल्या आणि गप्प राहिलो. चाचांनी पाठीला हळद लावून, वाकता येत नसताना, दुसरी बेअरिंगं बसवली.

पत्रा तो पत्राच. महिन्याच्या आत चाक गेलं.

या वेळी अमीन ओरडले नाहीत. त्यांनी जवानांना खूण केली. दोघांनी चाचांना ओढत ऐरणीपाशी नेलं आणि उजवा हात ऐरणीवर ठेवला. चाचा म्हणत राहिले, "सरकार, हात नको. हातावर पोट हाय." भट्टीवर रोज बोलायचे तीच मराठी, अमीनशीही, तोंडातून निघत होती. एका जवानानं मनगट धरलं. दुसऱ्यानं बंदुकीचा दस्ता उचलला.

तीन वेळा. पहिल्या वेळी आवाज ओल्या लाकडासारखा आला. तिसऱ्या वेळी चाचा ओरडायचेही थांबले होते. बोटं चार दिशांना वळली होती आणि ऐरणीवरून रक्त राखेत टपकत होतं. अमीननं माझ्याकडं बघून सांगितलं, "परसों तक गाडी होना."

चाक उघडलं तेव्हा माझ्या चकत्यांचे तुकडे बेअरिंगाच्या छऱ्यांत घुसलेले सापडले. आता न समजण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी लेथवर पोलादाची नवी नळी केली. तुंब्यातलं अंतर पाच वेळा मोजलं. मग ती नळी घेऊन चाचांच्या घरी गेलो.

हात फडक्यात गुंडाळून ते ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, घासण्यापासून चकत्यांपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं माझ्या अशी कानशिलात दिली की मी खांबावर आदळलो.

"पैल्यांदा चुकलास, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा नळी ढिली दिसली, तवा मला का न्हाई बोललास?"

"भ्यालो, चाचा."

"मी न्हवतो का भ्यालो?"

त्यांनी डावा हात पुढं केला. "आन ती नळी." उजेडात धरून त्यांनी दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. "हे टोक वाकडंय. सरळ कर." खरंच केसभर वाकडं होतं.

तिसऱ्या दिवशी अमीन गाडी न्यायला आले. मी म्हणालो, "सरकार, चूक माझी होती. चाचांची न्हाई."

कुठलं धैर्य वगैरे नव्हतं. आदल्या दोन रात्री जेवण गेलं नव्हतं, एवढंच. पट्टा माझ्यावर चालला. डोळ्यावरची भुवई फाटली, आणि बक्कल डाव्या कानावर बसलं तेव्हा आत काहीतरी फुटल्यासारखं झालं. त्या कानानं मला अजून ऐकू येत नाही. मार खाताना क्षणभर बरंही वाटलं, हे लपवत नाही. मग मी जमिनीवर पडलो असताना फटफटी सुरू झाली, मागचं चाक लोण्यासारखं फिरत गेलं, आणि बरं वाटण्यासारखं काही राहिलं नाही.

चाचांना कळलं तेव्हा ते चिडले. "मला इचारायचं तरी. आता तुज्या मारानं माजी बोटं सरळ व्हणार हायत का?"

चाक नंतर कधी गेलं नाही. अमीन आता वाटेत न अडकता गावोगाव पोचू लागले. बाजाराच्या दिवशी लोक सांगायचे, या गावात कडब्याची गंज पेटवली, त्या गावात पाटलाच्या भावाला उलटं टांगलं. सांगताना कोणी म्हणायचं, "फटफटी ऐकू आली तवा पळायलाबी येळ न्हाई मिळाला." मी तिथून उठून जायचो.

पुढं भारताची फौज आली आणि अमीन एका दिवसात नाहीसे झाले. फटफटीचं काय झालं, मला ठाऊक नाही.

चाचांची मूठ पुन्हा वळली नाही. वर्ष-दीड वर्ष मी जिन सुटल्यावर भट्टीवर जात होतो. ते डाव्या हातानं सांडशी धरायचे, मी घण मारायचो. कामापुरतं बोलायचे. "हितं मार. बास. फिरव." मग एका उन्हाळ्यात त्यांनी भट्टी मोडली आणि लेकीकडं जिंतूरला निघून गेले. निघण्याआधी ऐरण त्यांनी दुसऱ्या एका लोहाराला देऊन टाकली. ती नेताना गाडीत चढवायला चौघे लागले. मी हात लावायला गेलो, तर चाचा म्हणाले, "राहू दे, हायत माणसं."