कुणीतरी वाचलेली पदवी

महाडला मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. मुलीचा अर्ज घेऊन मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे उमरठकडची, चाळिशीची एक बाई होती. तिने पूर्वी बी.कॉम. केलं होतं आणि आता तिला मराठीत बी.ए. करायचं होतं. जुन्या पदवीतले पुरेसे विषय क्रेडिट म्हणून धरले गेले, तर तिला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार होता.

कारकून गुणपत्रिकेवरचा एकेक विषय तपासत होता. तो "धरला" म्हणाला की ती एक बोट मिटायची. शेवटच्या विषयापाशी तो अडला आणि साहेबांना विचारायला आत गेला.

बाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सासरी म्हणतात, तुझी डिगरी काय चुलीत घालायची? आज पैल्यांदा कोणतरी ती वाचतोय."

कारकून परत आला. "हा नाही धरता येत. एवढा पेपर पुन्हा द्यावा लागेल."

"आणि बाकीचे?"

"धरले. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरा."

तिने पेन मागून घेतलं. शिक्षणाच्या रकान्यात तिने सावकाश 'पदवीधर' लिहिलं. तो शब्द मी कितीतरी अर्जांवर भराभर लिहून टाकला होता.