गोल्फ क्लब सोडायचा होता

नाशिकमध्ये 'मी गोल्फ क्लबला जाते' असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे शहराच्या मधोमध असलेलं ते मोठं मैदान येतं. सकाळी लोक तिथे चकरा मारतात, संध्याकाळी भेळ खातात. गोल्फ खेळताना तिथे कोणाला मी तरी जन्मात पाहिलेलं नाही. माझ्या नणंदेला मी मोठ्या तोऱ्यात बातमी दिली होती, की मी गोल्फ क्लबची मेंबर झाले. ती म्हणाली, "अगं वहिनी, त्यात काय एवढं? आम्ही पण रोज जातो की. येताना गाजराचा रस पितो." मी तिला समजावत बसले नाही. पुढे पुढे मला वाटायला लागलं, की तिचाच गोल्फ क्लब माझ्यापेक्षा बरा. निदान तिथे रस तरी मिळतो.

माझा क्लब शहराबाहेर, गिरणारे गावाच्या पुढे, माळावर. हा क्लब सोडायचा की नाही, हा एकच किडा गेलं वर्षभर माझं डोकं पोखरत होता. ऐकणाऱ्याला हसू येईल. पोटापाण्याचा प्रश्न नव्हता, कोणी आजारी नव्हतं, आणि बाई गोल्फ क्लबवरून झोप उडवून बसली आहे! माझी मलाच लाज वाटायची. पण झोप उडाली होती हे खरं.

त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. माझी शाळा वडिलांनी निवडली. कॉमर्सला घालायचं भावाने ठरवलं. नवरा मामाने शोधला, बँकेची परीक्षा दे असं सासऱ्यांनी सांगितलं, आणि मुलीचं नाव नणंदेने ठेवलं, कारण तो आत्याचा मान. तक्रार अजिबात नाही. सगळ्यांनी बरंच निवडलं माझ्यासाठी. नवरासुद्धा चांगला निघाला. पण माझं म्हणून मी काय निवडलं, असं कोणी विचारलं असतं तर साड्यांच्या पुढे माझी गाडी गेली नसती.

मग एकदा बँकेच्या ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेलो होतो. हॉटेलशेजारी गोल्फचा सराव करायची जागा होती, आणि दुपारी विरंगुळा म्हणून आम्हाला तिथे नेलं. सगळ्यांनी काठ्या फिरवल्या, हवेत मारल्या, एकमेकांचे फोटो काढले. मीही दोनदा हवेतच मारलं. तिसऱ्यांदा मात्र काठी बॉलवर अशी बसली की हाताला काही लागलंच नाही, नुसता एक बारीक टक् असा आवाज आला. बॉल वर गेला, आणि बराच वेळ वरच राहिला. मी तोंड उघडं टाकून बघत उभी होते. बाकीचे चहाला गेले तरी मी तिथेच.

घरी येताना ठरवून टाकलं, की निवृत्तीनंतर मी हे करणार. कोणाला विचारलं नाही, कोणी सुचवलं नव्हतं. माझ्या आयुष्यात ही एकच गोष्ट अशी होती. म्हणून तो क्लब सोडायचा म्हणजे मी निवडलेली एकुलती एक गोष्टही फसली, असं कबूल करायचं. ते काही माझ्याच्याने होईना.

मेंबर झालो तेव्हा अठरा होल, म्हणजे एकेका भोकापर्यंतचे खेळायचे पट्टे, होणार होते. झाले नऊ. त्यातल्या दोनांवर कायम काम चालू असायचं, आणि एकावर शेजारच्या वस्तीतल्या गाई चरायला यायच्या. तेही मी सहन केलं. मी बँकेत आयुष्य काढलेली बाई, अपुऱ्या कामाचं मला काय कौतुक!

खरा घात झाला तो ग्रीनचा. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं ते अगदी बारीक, दाट गवत. त्यावरून बॉल सरळ घरंगळत जायला हवा. ते नसेल तर गोल्फ नाही, नुसती रानात पायपीट. एका उन्हाळ्यात आमचे ग्रीन पिवळे पडायला लागले. मीटिंग भरली. आमच्या कमिटीत जवळजवळ सगळे द्राक्षवाले. मीही दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्याचीच लेक, त्यामुळे ही माणसं मला परकी नाहीत. अध्यक्ष म्हणजे मोठे बागायतदार, माल परदेशी पाठवणारे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. जीए मारू."

जीए हे घड लांबवायला आणि मणी फुगवायला वापरतात ते औषध. आमच्या भागात ते पोराटोरांनाही ठाऊक असतं. मी मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "अहो दादा, गवत आहे ते, थॉमसन द्राक्ष नाही. त्याला लांबवायचं नाहीये, आखूड ठेवायचंय."

हशा पिकला. अध्यक्षही मनापासून हसले. "ताई, तुम्ही तर माहेरच्या. तुम्हाला काय सांगायचं? लय भारी काम करतं ते. माझ्या बागेत येऊन बघा एकदा."

आणि काम केलंच त्याने. बघता बघता गवत वर आलं. लांब, फिकट आणि इतकं लेचंपेचं, की वाऱ्याने आडवं पडायचं. ग्रीनवर बॉल हरवायला लागला. मग त्यावर मशीन फिरवलं, तर खाली नुसती बुडखं उरली, आणि तीही उन्हाने करपली. अध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं. डोस कमी पडला असं त्यांचं आजही मत आहे. कोणी लबाड नव्हतं हो, हेच तर माझं दुखणं. लबाड असते तर मी कडाकडा भांडले असते. पण माझे वडील त्या खुर्चीत असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

गवत गेल्यावर खेळणारे गेले, आणि खेळणारे गेल्यावर सरावाची मोकळी जागा लग्नांना द्यायला सुरुवात झाली. मागे डोंगर, पुढे मोकळं आभाळ, फोटो फार सुंदर येतात म्हणे. लग्नसराईत मी पहिल्या ग्रीनवर उभी असायची आणि पलीकडे डीजे. एकदा कसाबसा बॉल भोकात गेला, काढायला हात घातला तर मुठीत अक्षता आल्या. वाऱ्याने उडून आल्या असतील, नाहीतर पोरांनी टाकल्या असतील. मी त्या हातात घेऊन उभी राहिले. खाली टाकाव्यात तर अक्षता, खिशात ठेवाव्यात तर कशाला? शेवटी पुन्हा भोकातच ठेवल्या.

आम्हा बायकांसाठी क्लब काही करत नव्हता असं नाही. संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं. एका वर्षी कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की वाण म्हणून प्रत्येकीला एकेक गोल्फचा बॉल द्यायचा. मला केवढा आनंद झाला! वाटलं, आता दोघी-तिघी तरी खेळायला येतील. पुढच्या वर्षी त्यांतली एक भेटली तेव्हा म्हणाली, "तुमच्या त्या बॉलने फार गुण आला बाई. रात्री टाचेखाली धरून फिरवते."

नवरा दर रविवारी माझ्याबरोबर यायचा. त्याने आयुष्यात एकदाही काठी हातात धरली नाही. तो कॅन्टीनच्या व्हरांड्यात पेपर वाचायचा, मिसळ खायचा, ओळखीच्यांशी निवडणुकीवर वाद घालायचा. मी घामाघूम होऊन आले की विचारायचा, "जिंकलीस का?" एकटीच खेळणारी बाई कोणाशी जिंकणार? कॅन्टीनचं बिल नेहमी त्याच्यापुढे ठेवलं जायचं, आणि क्लबची पत्रं 'श्री. व सौ.' अशी यायची. आपल्याकडची रीतच ती, म्हणून त्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

"सोडून दे ना," तो म्हणायचा. "कशाला जिवाला त्रास? मिसळ काय, शहरातही मिळते."

तरी मी वर्षभर लोंबकळत राहिले. खांदा धरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, हात वर जातोय तोवर खेळून घ्या. मला फक्त एकदा, एकदाच, नीट खेळायचं होतं. कोणाबरोबर तरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गवतावर. मग मी फोन लावत सुटले. जुन्या मेंबर बायका, कोणाच्या सुना, कॉलेजात हॉकी खेळलेल्या एक बाई, अशा माझ्यासकट आठ जणी तयार झाल्या. बायकांची पहिली स्पर्धा. अध्यक्षांनी "ताई, बिनधास्त करा" म्हणून परवानगी दिली. शेवटच्या ग्रीनवर नवीन गवत लावलं होतं, ते मी रोज संध्याकाळी जाऊन बघून यायची.

त्या रविवारी फाटकातून गाडी आत घेतली तर समोर कमान. अध्यक्षांच्या पुतण्याचं लग्न. पाहुणे वाढले म्हणून मांडव पुढे सरकवला होता, आणि त्याचे खांब बरोबर त्या नव्या ग्रीनमध्ये रोवले होते. अध्यक्ष फेटा बांधून दारातच उभे होते. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. विसरले होते. खरोखरच विसरले होते, चेहऱ्यावरच दिसत होतं.

"ताई, चुकलंच माझं. पुढच्या रविवारी घेऊ ना तुमचं. आता आलाच हायेत तर जेवल्याशिवाय नाय जायचं. सगळ्या ताईंना घेऊन या."

आणि आम्ही जेवलो! काय करणार? लग्नघरातून उपाशी जाता येतं का? आठ बायका टोप्या घालून पंगतीला बसलो. गोल्फच्या पिशव्या खुर्च्यांमागे ठेवल्या होत्या, वाढपी त्यांना अडखळत होते. हॉकीवाल्या बाईंनी जिलबी दोनदा घेतली. कोणी रागावलं नाही. उलट सगळ्यांचा दिवस मजेत गेला. मी पानावर मान खाली घालून बसले होते, कारण रडू येत होतं, आणि लग्नात रडायला मी काही नवरीची आई नव्हते.

घरी येऊन अर्ज लिहिला. कितीतरी दिवसांनी माझं अक्षर इतकं सुरेख आलं. खरं सांगते, लिहिताना हलकं वाटलं. वाटलं, निवडलं मी होतं, सोडतेही मीच आहे. फसलं तर फसलं, पण दोन्ही टोकं माझ्या हातात आहेत. एवढंसुद्धा किती जणींच्या वाट्याला येतं?

दुसऱ्या रविवारी एकटीच गेले. ऑफिसात मॅनेजर होता, तरुण, अदबशीर. त्याने अर्ज वाचला, पाणी मागवलं, मग म्हणाला, "मॅडम, सगळं बरोबर आहे. फक्त सही साहेबांची लागेल."

"कशाला? मेंबर मी आहे."

तो अवघडला. कॉम्प्युटरचा पडदा त्याने माझ्याकडे वळवला. "नाही मॅडम. मेंबर साहेब आहेत. तुम्ही त्यांच्या मेंबरशिपवर येता. म्हणजे, कुटुंब म्हणून. तुम्हाला सोडता नाही येणार. त्यांनी सोडलं की तुमचं आपोआप जाईल."

मी गाडीत येऊन बसले तेव्हा सगळं आठवलं. मेंबर व्हायचं ठरलं तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि नेमका बँकेत मार्चअखेर होता. मार्चअखेरीला बँकेतला माणूस मयतालाही जाऊ शकत नाही. मी चेकवर सही केली आणि नवऱ्याला म्हटलं, "तेवढा फॉर्म भरून या ना." गॅसचा, सोसायटीचा, मुलीच्या शाळेचा, घरातले सगळे फॉर्म तोच भरत आला होता. कुटुंबप्रमुख कोण, असं त्यांनी विचारलं असेल, आणि त्याने नेहमीसारखं आपलं नाव लिहिलं असेल. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आजही विचारलं तर तो म्हणेल, मग काय लिहायला हवं होतं?

म्हणजे इतकी वर्षं मी काहीच निवडलेलं नव्हतं. नवऱ्याच्या क्लबात नवऱ्याची बायको येत होती, आणि तिला खेळायची हौस होती, एवढंच.

घरी आले तेव्हा तो मॅच बघत होता. "झालं का? सुटलीस एकदाची."

अर्ज पर्समध्ये होता. मी पुढे केला असता तर त्याने पेपरवर ठेवून लगेच सही केली असती, काय लिहिलंय तेही वाचलं नसतं. वर म्हणाला असता, "बरं झालं, किती दिवस सांगतोय." ते मला बघवलं नसतं.

"ऑफिस बंद होतं," मी म्हटलं.

"अरेरे. मग पुढच्या रविवारी दे."

"अहो, बघू."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. तो मिसळ खायला बसला आणि मी पहिल्या होलवर गेले. हात आता फारसा वर जात नाही, बॉलही फार लांब जात नाही. अजूनही जातो आम्ही. बिल त्याच्यापुढे ठेवतात आणि मी बघत बसते. अर्ज पिशवीच्या कप्प्यात तसाच आहे, माझी सही असलेला, म्हणजे काही उपयोगाचा नाही.

परवा नणंदेने फोनवर विचारलं, "काय वहिनी, जातेस की नाही अजून गोल्फ क्लबला?"

मी म्हटलं, "जाते की." मेंबर आहे असं मात्र मी आता कोणाला सांगत नाही.