हरीभाऊंचं पंधरावं पत्र

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगणार आहे — पण आधी माझा एक गाढवपणा ऐका. तो आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. तेवढंच जरा हसून घ्या. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

आमची कंपनी बंद झाली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. ठाणे-बेलापूर रोडवरचा कारखाना, सव्वीस वर्षं मी तिथे स्टोअर्समध्ये. मालकांनी प्लांट गुजरातला हलवला आणि आम्हाला घरी पाठवलं. मग अर्ज सुरू झाले. पहिलंच उत्तर आलं महाप्याच्या एका कंपनीकडून, ईमेलवर, झकास इंग्रजीत — तुमचा अनुभव आम्हाला प्रभावी वाटला, तुमची माहिती आम्ही आमच्याकडे जपून ठेवत आहोत, पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. आता मला सांगा, असं पत्र आलं तर माणूस काय समजेल? मी सोमवारी इस्त्रीचा शर्ट घातला, मूळ सर्टिफिकेटं घेतली, दोन फोटो घेतले आणि थेट गेटवर हजर झालो. सोबत डबासुद्धा. वैशालीनं — म्हणजे माझ्या बायकोनं — त्यात शिरा दिला होता. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं माझ्या फोनवरचं पत्र वाचलं आणि फार सांभाळून म्हणाला, "काका, शुभेच्छा दिल्या म्हणजे नाही. घ्यायचं असतं तेव्हा शुभेच्छा देत नाहीत, तारीख देतात."

शिरा मी बस स्टॉपवर बसून खाल्ला. चांगला झाला होता.

त्या दिवसापासून मी ही पत्रं वाचायला शिकलो. इतका शिकलो, की कंपनीतले आम्ही सात-आठ बेकार संध्याकाळी घणसोलीत सेक्टरमधल्या बागेत जमायचो तेव्हा सगळ्यांचे फोन माझ्या हातात असायचे. पत्रिका बघावी तसा मी बघायचो. खाली माणसाचं नाव आहे की नुसतं 'एचआर टीम'? आपलं आडनाव बरोबर लिहिलंय का? एकाला 'सध्या शक्य नाही' असं आलं, तर त्या 'सध्या'वर आम्ही अख्खा आठवडा काढला. दुसऱ्याच्या पत्रात 'खेद' दोनदा होता. त्याला आम्ही बाकावर मधली जागा दिली. विनोदी वाटतं ना? तेव्हाही वाटायचं. पण का नाही म्हणताय, एवढं मात्र एकाही पत्रात नसायचं. माणूस नकार पचवतो हो. पण कारण कळलं नाही, की तो स्वतःच शोधायला बसतो — आणि स्वतःत शोधायला गेलं तर कारणं कमी सापडतात का? मी आरशात केस बघायचो, पांढरे. कलप लावून नवा फोटो काढला. त्यालाही शुभेच्छाच आल्या.

येतोय. मुद्द्यावर येतोय. एवढा वेळ लावतोय ते का, हे तुम्हाला कळलंच असेल.

आमच्यात एक हरीभाऊ होते. खरं नाव हे नाही, ते मी लिहिणार नाही. तळवलीचे, मूळ गाववाले. कंपनीत बॉयलर सांभाळायचे, अठ्ठावीस वर्षं. नुसत्या आवाजावरून सांगायचे, की आत पाणी कमी पडतंय. कानाला सगळं कळायचं, पण इंग्रजी अक्षर डोळ्यांना कळत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपला सगळा कारभार माझ्या हवाली केला. "रानेसायेब, तुमीच बगा. मला त्यातला काय कलत नाय." मी त्यांच्या नावानं ईमेल उघडलं, माझ्याच फोनवर. बायोडेटा मी केला. अर्ज मी लिहायचो, उत्तरं मीच वाचायचो, आणि मीच फोन करून सांगायचो. चौदा वेळा सांगितलं. दर वेळी ते म्हणायचे, "असू दे. तुमी तरी काय करनार?" आणि वर मलाच विचारायचे, "तुमचा काय झाला?"

तळोज्याच्या एका कंपनीत एकाच दिवशी मी दोन अर्ज टाकले. एक त्यांचा बॉयलरसाठी, एक माझा स्टोअर्ससाठी. ती जाहिरात जणू माझ्याकडे बघूनच छापली होती. त्या सुमारास घरची अवस्था — जाऊ दे. एवढंच सांगतो, की वैशाली सकाळी पूजेला बसली की काहीतरी पुटपुटायची. एकदा मी कान दिला. "कुणाचं तरी होऊ दे एकदाचं," म्हणत होती. कुणाचं तरी. माझंच, असं नव्हे.

दोन्ही उत्तरं एका मंगळवारी सकाळी आली. आधी माझं उघडलं. चार ओळी. दुसऱ्या ओळीत खेद, चौथीत शुभेच्छा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. वैशालीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कुकर लावायला वळली. मग हरीभाऊंचं उघडलं. पहिल्या दोन ओळी तंतोतंत माझ्याच. कळवण्यास खेद होतो की ही जागा भरली आहे. खरं सांगतो — आणि इथपासूनच ते सुरू होतं — मला बरं वाटलं. एकटा नाही आपण, असं.

पण खाली अजून होतं. तिसरी ओळ, चौथी ओळ. तथापि आपला अनुभव पाहता, आमच्या दुसऱ्या युनिटमध्ये बॉयलरवरच्या नव्या मुलांना तयार करण्यासाठी आपला विचार करता येईल. आपली इच्छा असल्यास चार दिवसांत कळवावं. खाली माणसाचं नाव होतं. फोन नंबर होता.

पत्रच गोंधळात टाकणारं होतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. सुरुवात नकाराची, शेवट भलताच, कुणाचाही गोंधळ उडाला असता. पण माझा उडाला होता का? नव्या मुंबईत असली पत्रं माझ्याइतकी कुणी वाचली असतील? मी शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. आणि मला काय वाटलं, सांगू? वाटलं, त्या अर्जातलं इंग्रजी माझं आहे. 'अठ्ठावीस वर्षांत एकही अपघात नाही' हे वाक्य माझं आहे. माझं इंग्रजी त्यांना लागू पडलं आणि मला पडलं नाही — ज्यांना ते वाचताही येत नाही, त्यांना.

दुपारी त्यांचाच फोन आला. "काय आला का, रानेसायेब?"

मी म्हणालो, "आलं. नाही म्हणतायत."

मग विचारलं, "नीट वाचला ना?"

हे त्यांनी आधीच्या चौदा वेळांत कधीच विचारलं नव्हतं. का विचारलं असेल? मी म्हणालो, "वाचलं हो. नेहमीचंच आहे."

बुधवार गेला. गुरुवार गेला. रोज वाटायचं, फोन करावा, म्हणावं, अहो, खाली आणखी एक ओळ आहे, माझ्या लक्षातच आली नव्हती. किती सोपं होतं! लाजसुद्धा वाटली नसती, उलट हसलो असतो दोघं. शुक्रवारी संध्याकाळी बागेत ते माझ्या शेजारी बसून होते, अगदी हाताच्या अंतरावर, आणि फोन माझ्या खिशात होता. शनिवारी मी ते पत्र पुसून टाकलं. पुसलेलं पत्र फोनच्या कचरापेटीत महिनाभर पडून राहतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत होतं. अधूनमधून जाऊन ते आहे का बघत होतो. मुदत उलटली तरी एक फोन केला असता, तर कदाचित ऐकलं असतं त्यांनी. मी नुसता बघत होतो. एक दिवस ते नव्हतं.

त्या पत्रानंतर हरीभाऊंनी अर्ज थांबवायला सांगितले. "बस झाला आता, सायेब. मानसाला कलायला पायजे, आपला काम संपला म्हनून." पन्नाशी ओलांडलेला, बॉयलरचा आवाज ओळखणारा माणूस, आपला उपयोग संपला हे माझ्या तोंडून ऐकून घरी गेला. पुढे मला एका कुरिअरच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. हरीभाऊ आता बायकोच्या मासळीच्या पाटीशी बसून कोळंबी सोलतात. सोलताना मान वर करत नाहीत.

फक्त मला बघितलं की करतात. गेल्या रविवारी वैशाली आणि मी बाजारात गेलो होतो. त्यांनी न मागता पिशवीत बांगडे टाकले, पैशांना हात लावू दिला नाही, आणि शेजारच्या कोळणीला म्हणाले, "ह्ये रानेसायेब. माज्यासाठी ह्यांनी केला तेवढा सख्ख्या भावानं नसता केला." वैशाली कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी बांगड्यांकडे बघत होतो.

त्या रात्री जेवलो नाही; पोट बिघडलंय म्हणालो. त्यानंतर आठवडाभर रोज थोडं थोडं करून हे लिहिलं. मत्सर, भित्रेपणा, जे काय म्हणायचं ते म्हणा — मी त्याला दुसरं नाव शोधत नाही.

आज दुपारी हे कागद मी वैशालीपुढे ठेवले. ती ओट्याशी उभ्यानंच वाचत गेली. एकदा मध्येच मागचं पान पुन्हा काढलं. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवले, आणि विचारलं, "चार दिवस होते?"

"हो."

तिनं कागद माझ्या हातात परत दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता जाऊन त्यांना सांगू नका. सांगितलंत की तुम्ही मोकळे व्हाल, आणि ते उद्यापासून ते चार दिवस मोजत बसतील. हे तुमचं तुम्हीच वागवा."