गांगुर्डेबाई आणि जाळीचं दार

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बोलायला बंदी होती. भिंतीवर तशी पाटी होती, आणि कोणी कुजबुजलं तर मान वर करून बघणारी माणसंही होती. पण संध्याकाळी बंद करायची वेळ झाली की तिथे शिट्टी वाजायची. साधीसुधी नाही, रेल्वेच्या गार्डची. ती वाजवायच्या देवघेव विभागाच्या प्रमुख, म्हणजे सगळ्या शांततेची जबाबदारी ज्यांच्यावर त्याच बाई. नवीन मुलं दचकून उभी राहायची, जुनी हसत वह्या आवरायची. बाई शिट्टी पर्समध्ये टाकून म्हणायच्या, “गाडी सुटली. उतरणाऱ्यांनी उतरून घ्या.”

त्या गांगुर्डेबाई. वडील मनमाडला गार्ड होते, शिट्टी त्यांची. प्राचार्यांनी एकदा विचारलं होतं म्हणे, की घंटा का नाही वाजवत? बाई म्हणाल्या, घंटा झाली की मुलं पळतात. शिट्टी झाली की माणूस आधी आपलं सामान बघतो. शिट्टी चालूच राहिली.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा सत्तर साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. ह्यांच्या ओळखीतल्या कोणी सांगितलं, की ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावायला माणूस पाहिजे. मी चौथी शिकलेली. नाशिकरोडहून बसने आले आणि टेबलासमोर पदर घट्ट धरून उभी राहिले. बाईंच्या शेजारी ऑफिसातले एक साहेब बसले होते. त्यांनी जे विचारलं त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही, आणि जे ऐकू आलं त्याचं उत्तर तोंडातून निघेना. साहेब वैतागून म्हणाले, ही तर बोलतच नाही. बाई म्हणाल्या, “बोलणारे आपल्याकडे भरपूर आहेत साहेब. मला पुस्तकं जागेवर ठेवणारी पाहिजे.”

अशी मला नोकरी लागली, न बोलल्याबद्दल.

पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात आणि आकड्यांत टिंब असतं. चौथीपर्यंत आम्हाला टिंबाचा आकडा कोणी शिकवला नव्हता. मी सरळ हिशेब केला, की बारा मोठे आणि नऊ लहान, म्हणून टिंब नऊ आधी आणि टिंब बारा नंतर. पहिल्या आठवड्यात अर्थशास्त्राची सगळी रांग मी अशीच लावून ठेवली आणि मनातून खूष होते. बाई आल्या, रांगेसमोर उभ्या राहिल्या आणि हसू लागल्या. त्यांचं हसू मोठं होतं, पोटातून यायचं, पाटीखाली उभ्या राहूनच हसायच्या. मी रडायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, “अगं, टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे स्टेशन. टिंबानंतर एकेक आकडा वाचायचा. आधी गल्ली, मग घर. बारा नाही म्हणायचं, एक आणि दोन. पहिल्या गल्लीतलं दुसरं घर.” मग एकच्या गल्लीतली सगळी पुस्तकं आधी आणि नऊची गल्ली शेवटी, हे मला असं कळलं की परत कधी चुकलं नाही.

त्या वेळी ग्रंथालय म्हणजे एक लांब टेबल आणि टेबलामागे जाळीचं दार. मुलांनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं आणि उभं राहायचं. चिठ्ठी घेऊन आत जायचे रामभाऊ. रामभाऊ लासलगावकडचे, तिथे सगळ्यांत जुने. दाराची किल्ली त्यांच्या कमरेला. पुस्तक खालच्या फळीवर असलं तर ते घेऊन यायचे. वरच्या फळीवर असलं तर स्टूल लागायचं, आणि स्टुलावर चढायचा त्यांना कंटाळा. मग ते बाहेर येऊन सांगायचे, “नाय.” मुलं दुसरी चिठ्ठी लिहायची. असं कितीदा तरी मी आतून पाहिलं होतं. पुस्तक वर बसलेलं, मूल बाहेर उभं, आणि मध्ये जाळी.

बाईंना ते दार सहन होत नव्हतं. दार उघडं टाकावं, मुलांनी आत यावं, हाताने पुस्तक काढावं, चाळावं, मग टेबलावर नोंद करून न्यावं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. त्याला मुक्तद्वार म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. प्राचार्यांकडे त्या किती वेळा गेल्या असतील देव जाणे. ते म्हणायचे, पुस्तकं चोरीला जातील. रामभाऊ तर चिडलेच.

“हे काय बाजार समितीचं आवार हाय का बाई? कोणीबी यावं अन् कांदं निवडावं?”

“रामभाऊ, तुम्ही कांदा न निवडता घेता का?”

“कांद्याची गोष्ट येगळी.”

“वेगळी आहेच,” बाई म्हणाल्या. “कांदा दोन दिवसांत संपतो. पुस्तक जन्मभर पुरतं.”

शेवटी प्राचार्यांनी एका वर्षाची परवानगी दिली. अट घातली, की परीक्षेआधी प्राध्यापकांची समिती येऊन पुस्तकं तपासेल. फार पुस्तकं गहाळ निघाली तर दाराला पुन्हा कुलूप, आणि पुढे तो विषय बाईंनी काढायचा नाही. बाईंनी मान्य केलं. रामभाऊंनी किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली तेव्हा तिचा आवाज मुद्दाम मोठा केला.

त्या वर्षाइतकी मजा मी नोकरीत परत पाहिली नाही. पहिले दोन दिवस मुलं दारातच घुटमळली. आत पाऊल टाकायचं की चप्पल काढायची, हेच त्यांना कळेना. मग एकदा शिरली ती शिरलीच. फळ्यांमधे उभी राहून वाचायची, खाली मांडी घालून बसायची. एक मुलगी हिशेबाचं पुस्तक शोधायला आली आणि शेजारच्या रांगेतलं आगबोटींचं पुस्तक घेऊन गेली. सुरगाण्याकडचा एक मुलगा रोज एकाच कोपऱ्यात उभा राहायचा आणि त्या दिवशीची पानं वाचून झाली की उरलेल्या पानांची जाडी बोटांनी मोजून बघायचा. माझं काम मात्र तिप्पट झालं. काढलेलं पुस्तक कोणी जागेवर ठेवायचं नाही. इतिहासात वनस्पती, वनस्पतीत कायदा. मी कुरकुरले तर बाई म्हणायच्या, “विस्कटलं म्हणजे वाचलं. नीट लागलेली फळी बघितली की मला धास्ती वाटते.”

आणि मग परीक्षा जवळ आली.

वाणिज्य शाखेची जी पुस्तकं सगळ्यांना हवी, ती फळीवरून नाहीशी होऊ लागली. टेबलावर नोंद नाही, फळीवर पुस्तक नाही. मुलं तक्रार करू लागली, प्राध्यापक तक्रार करू लागले. समिती सोमवारी येणार असं शुक्रवारी कळलं. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. खुर्चीत बसून जाळीच्या दाराकडे बघत राहिल्या. रामभाऊ मात्र गुणगुणत होते. मधेच येऊन कुलपात तेल घालून गेले.

दुपारी मी संस्कृतच्या रांगेत फडकं मारत होते. तिकडे फारसं कोणी फिरकायचं नाही. जाड पोथीसारखी पुस्तकं पुढे ओढली तर मागे भिंतीला टेकवून एक पुस्तक आडवं ठेवलेलं. कंपनी कायद्याचं. मी ते तसंच पदराखाली धरून बाईंपुढे नेलं आणि कुठे सापडलं ते सांगितलं. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

“चोरी नाही गं इंदू. गाडीचा डबा साइडिंगला, बाजूच्या रुळावर लावलाय.”

मुलांनी पुस्तकं नेली नव्हती. दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून ह्याच खोलीत लपवली होती. यायचं, आपल्या जागेवरून काढायचं, वाचायचं, परत दडवायचं.

मला वाटलं, आता सगळ्या फळ्या रिकाम्या करून शोधायचं. बाई नाही म्हणाल्या. इतकी पुस्तकं दोन दिवसांत आपल्याला मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी आपण पोलीस होऊ. ज्यांनी ठेवली त्यांनाच काढू दे. बाईंनी खडू घेतला आणि बाहेरच्या फळ्यावर लिहिलं, की उद्या शनिवारी दुपारी पुस्तकं शोधण्याची स्पर्धा आहे. जो शोधेल त्याला चहा आणि चिवडा, आणि सापडलेलं पुस्तक सोमवार सकाळपर्यंत घरी नेण्याचा पहिला हक्क त्याचाच.

रामभाऊ फळा वाचून आत आले. “म्हंजे चोरालाच इनाम?”

“चोर नाहीत ते,” बाई म्हणाल्या. “घाबरलेले आहेत. परीक्षेला कोण घाबरत नाही?”

शनिवारी खोली मुलांनी भरून गेली. बाईंनी शिट्टी वाजवली. एकही मूल हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत उभे. माझ्या लक्षात आलं, जो सरळ चालत जाऊन पुस्तक काढेल तो पकडला जाणार. मग एकेकाचं नाटक सुरू झालं. एक उंच मुलगा खिडकीखाली वाकून बघत होता, कपाटाच्या खाली बघत होता, पंख्याकडेसुद्धा बघून झालं, आणि मग अगदी सहज भूगोलाच्या नकाशांमागे हात घालून म्हणाला, अरे, हे इथे कसं काय? त्याच्या मागून दुसरा, मग तिसरी. एक मुलगा मात्र ज्ञानकोशामागे हात घालून पांढरा पडला. त्याचं पुस्तक त्याच्या आधीच कोणाला तरी सापडलं होतं आणि त्याला ओरडताही येईना. बाई प्रत्येकाला सारख्याच कौतुकाने म्हणत होत्या, “वा, काय नजर आहे.”

टेबलावर नोंद घ्यायला त्यांनी मला बसवलं. मी नाही म्हणायच्या आत त्या तिथून गेल्या होत्या. समोर रांग लागली. पहिल्या मुलाला नाव विचारलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. दुसऱ्याने कान पुढे केला. पाचव्या-सहाव्याला मी नीट विचारलं, आणि एकजण रांग मोडून पुढे आला तर त्याला मागे जा म्हणाले. तो गेला. मला इतकं आश्चर्य वाटलं की मी त्याच्याकडे बघतच राहिले.

मुलांचं संपत आलं तेव्हा रामभाऊ स्टूल ओढत निघाले. आपणहून. सर्वांत वरच्या फळीवर, जिथे कोणाचा हात पोचत नाही, तिथून त्यांनी लेखाकर्माचं एक पुस्तक काढलं. झटकलं. खाली उतरले. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा पुतण्या त्या वर्षी बी.कॉम.ला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रामभाऊ पुस्तक घेऊन रांगेत माझ्यासमोर उभे राहिले आणि छताकडे बघू लागले. बाई तिकडूनच त्याच आवाजात म्हणाल्या, “वा रामभाऊ, काय नजर आहे. त्यांना चिवडा जास्त घाल गं इंदू.”

सगळे गेल्यावर मी सांडलेला चिवडा झाडत होते. बाईंनी विचारलं, सगळ्यांनी पुस्तकं नेली, तू काय नेतेस? मी सवयीने म्हणाले, मला काय कळणार त्यातलं.

बाईंनी झाडू माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग त्या सांगू लागल्या. लहानपणी त्या एका वाचनालयात जायच्या. तिथे खिडकी होती. त्या एक पुस्तक मागायच्या आणि आतला माणूस वेगळंच काढून द्यायचा. एकदा त्यांनी धीर करून सांगितलं, की हे नाही, ते हवंय. तो म्हणाला, तुमच्या वस्तीतल्या पोरींना काय कळणार त्यातलं. “हे वाक्य मी तेव्हा ऐकलंय,” बाई म्हणाल्या. “तुझ्या तोंडून नाही ऐकायचं. जा आत.”

मी गेले. इतकी वर्षं त्या रांगांमधून फिरत होते ती पाठीवरचे आकडे बघत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नावं वाचत फिरले. कोणी घाई केली नाही. शेवटी ताऱ्यांचं एक चित्रांचं पुस्तक घेतलं. बाईंनी त्याची नोंद इतर सगळ्यांसारखीच केली.

सोमवारी सकाळी घरी नेलेली पुस्तकं परत आली आणि मग समिती आली. एवढ्या मोठ्या खोलीत न सापडलेली पुस्तकं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. तरी एका प्राध्यापकांचं समाधान होईना. ते रामभाऊंना म्हणाले, तुम्ही जुने आहात, तुम्हीच सांगा, कुलूप बरं होतं की नाही? बाईंनी मान खाली घातली. रामभाऊ म्हणाले,

“कुलूप लावलं तर समद्या चिठ्ठ्यांपायी मलाच स्टुलावर चढावं लागंल साहेब. ऱ्हाऊ द्या उघडं.”

दार उघडं राहिलं. पुढे तर ते बिजागरीतून काढूनच टाकलं.

बाई ऐंशीच्या दशकात निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणांत त्यांनी सगळ्यांना हसवलं, आणि मी बोलणार नाही हे ओळखून मला कोणी बोलायला लावू नये अशी व्यवस्था केली. दोन आठवड्यांनी मी देवघेवीच्या टेबलावर होते. तिथे मी आता रोजच बसत असे. मान खाली घालून नोंद करत होते आणि समोरून आवाज आला, की मला एक चांगलं पुस्तक हवंय, कुठलं ते ठरवलेलं नाही, तुम्ही काढून द्याल का? वर पाहिलं तर गांगुर्डेबाई, वाचकांच्या रांगेत, मागे चार मुलं खोळंबलेली.

मी म्हणाले, “आत जाऊन बघा बाई. हाताला येईल ते काढा.”

पाटीखालीच त्या अशा मोठ्याने हसल्या की कोपऱ्यातल्या एका मुलाने मान वर करून त्यांना शू केलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि हसत हसत आत गेल्या.